शक्य तितक्या लवकर

आमच्या समाजमंदिर मंडळाची ठरावांची नोंदवही मे २०२५ पासून दादांच्या लोखंडी पेटीत पडून होती. दादा म्हणजे आमचे अध्यक्ष. वय पंच्याहत्तर. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांची उभी हयात गेली. समाजमंदिराच्या पायात त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून दगड वाहून टाकले आहेत, म्हणून वसाहतीत त्यांना कोणी उलट विचारत नाही. मी मंडळाचा सचिव. बी.कॉम. झालेला, एका कार्यालयात कारकून, वय सेहेचाळीस. त्या वहीत एक ठराव होता आणि त्यावर दादांची सही व्हायची होती. एवढीच गोष्ट. पण ती सांगण्याआधी मला तुम्हाला जरा लांबच्या वाटेने न्यावे लागेल. मलाही ती त्याच वाटेने समजली.

ठराव महिलांनी आणला होता. समाजमंदिराच्या माडीवरची खोली रोज संध्याकाळी सहा ते दहा मुलांना अभ्यासिका म्हणून द्यावी, असा. आमच्याकडची घरे दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्यात टीव्ही, तिसऱ्यात आजारी माणूस. दहावी-बारावीची मुले जिन्यात पाठीला पाठ लावून बसतात. माडीवर मात्र मांडवाचे बांबू, सतरंज्या आणि दोन मोठी पातेली असतात. लग्नसराईत ती खोली हळदीला भाड्याने जाते. सर्वसाधारण सभेत हात वर झाले, ४१ बाजूने, ६ विरुद्ध. ठराव मंजूर. दादा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले, आणि वही काखेत मारून घरी घेऊन गेले.

मी कारकून आहे, त्यामुळे या 'बघू'ची मला पुरती ओळख आहे. टेबलावर आलेल्या कागदाचे साहेब तीन प्रकार करू शकतो. सही करतो, शेरा मारून परत पाठवतो, किंवा ठेवून देतो. पहिल्या दोन गोष्टींची जबाबदारी त्याच्यावर येते. तिसरीची कुणावरच येत नाही. नाकारलेल्या कागदावर अपील करता येते, पण ठेवून दिलेल्या कागदावर कशाचे अपील करणार? माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खणातही असे कागद वर्षानुवर्षे राहिले आहेत. "राहू दे सध्या," असे वरून सांगितले गेले आणि मी राहू दिले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दर बुधवारी समाजमंदिरात आमचा अभ्यासवर्ग भरतो. पंधरा-वीस मुले आणि पाचसहा बाया येतात. पुरुष मंडळी दाराशी उभी राहून ऐकतात आणि चहा आला की आत येतात. २६ नोव्हेंबर २०२५ ला नेमका बुधवार आला. त्याच्या आधी सहाच दिवस, म्हणजे २० नोव्हेंबरला, राज्यपाल आणि राष्ट्रपती यांनी विधेयके किती दिवस अडवून ठेवावीत यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आपले मत दिले होते. म्हणून मी विषय घेतला, 'कायदा करणारे आणि कारभार करणारे एकमेकांना नाही कसे म्हणतात'. आठवडाभर तयारी केली. पत्नी रोज बघत होती. एका रात्री ती म्हणाली, "अहो, दिल्लीचं एवढं वाचताय, आपल्या माडीचं काय झालं?" मी म्हटले, "हे झालं की बघू." माझ्याही तोंडी तोच शब्द आला.

वर्गात मी इंग्लंडपासून सुरुवात केली. तिथे संसदेने केलेल्या कायद्याला राजाची संमती लागते. पण राजाने संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ मधला आहे. राणी ॲन हिने स्कॉटलंडच्या सैन्यदलाविषयीचे विधेयक अडवले, आणि तेही मंत्र्यांच्या सल्ल्याने. त्यानंतर तीनशे वर्षांत कुणी नकार दिलेला नाही. अधिकार कागदावर आहे, वापर शून्य.

अमेरिकेचे तसे नाही. तिथला राष्ट्राध्यक्ष लोक वेगळा निवडतात आणि संसद वेगळी निवडतात. (तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. वर्गात हे दोनदा सांगावे लागले, कारण एक मावशी म्हणाल्या, "काँग्रेस तिथंही हाय व्हय?") संसदेने विधेयक पाठवले की राष्ट्राध्यक्षाला रविवार सोडून दहा दिवस मिळतात. सही करावी, नाहीतर आपले आक्षेप लिहून परत पाठवावे. यालाच व्हेटो किंवा नकाराधिकार म्हणतात. परत आलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केले तर त्याच्या नाकावर टिच्चून कायदा होतो. आणि तो दहा दिवस नुसता गप्प बसला तर? तरीही कायदा होतो, सहीवाचून. फक्त त्या दहा दिवसांत संसदेचे अधिवेशन संपून गेले असेल तर विधेयक मरते. याला खिशातला व्हेटो म्हणतात, विधेयक खिशात घालून बसणे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बारा वर्षांच्या कारकीर्दीत ६३५ विधेयके नाकारली, त्यातली फक्त ९ संसदेला पुन्हा मंजूर करून घेता आली. म्हणजे दोनतृतीयांश मते गोळा करणे काही खायचे काम नाही.

पण त्या संसदेने एकदा ते केले, आणि ती हकिगत मला आपल्या माणसांना सांगायचीच होती.

१८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, लिंकनचा खून झाला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाला. माणूस मूळचा शिंपी, गरिबीतून वर आलेला. पण त्याने स्वतः गुलाम बाळगलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात गुलामगिरी घटनेने बंद झाली. दक्षिणेकडच्या राज्यांनी मात्र नवे नियम काढले. काळ्या माणसाने कामाचा करार मोडला तर अटक, कामधंद्यावाचून दिसला तर अटक. बेडी गेली, पण साखळी तीच राहिली. म्हणून १८६६ मध्ये तिथल्या संसदेने नागरी हक्कांचे विधेयक केले. या देशात जन्मला तो नागरिक. रंग कोणताही असो, आधी गुलाम असो वा नसो, त्याला करार करता येईल, कोर्टात दावा लावता येईल, साक्ष देता येईल, जमीन घेता-विकता येईल. आज हे वाचताना यात विशेष ते काय, असे वाटेल. पण साक्ष देता येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागले त्यांना सांगायला नको.

जॉन्सनने २७ मार्च १८६६ ला ते विधेयक नाकारले. त्याच्या लेखी कारणांत एक कारण असे होते की, या कायद्याने काळ्यांना झुकते माप मिळते आणि गोऱ्यांवर अन्याय होतो. मी हे वाचून दाखवले तेव्हा दारातल्या मंडळींत हशा पिकला. राखीव जागांविषयी बसमध्ये, कचेरीत आपण जे ऐकतो ते दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडात एका राष्ट्राध्यक्षाने लिहून ठेवले होते.

६ एप्रिलला सिनेटमध्ये मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने ३३, विरुद्ध १५. दोनतृतीयांशाला ३२ लागत होती, म्हणजे एकच मत जास्त. ९ एप्रिलला दुसऱ्या सभागृहात १२२ विरुद्ध ४१. कायदा झाला. राष्ट्राध्यक्षाचा नकार ओलांडून इतका मोठा कायदा त्या देशात होण्याची ती पहिलीच वेळ. जॉन्सनने एकंदर २९ वेळा नकार दिला, त्यातले १५ नकार संसदेने मोडून काढले.

आता यात आपला संबंध कुठे? बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन घटना समितीसाठी तयार केले. त्यात विषम वागणुकीविरुद्ध जे संरक्षण त्यांनी मागितले त्याचा आधार देताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा उल्लेख केला आहे. (१८७५ चा कायदा पुढे १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.) सिनेटमधले दोन सभासद त्या दिवशी इकडचे तिकडे झाले असते तर बाबासाहेबांना दाखवायला तो ९ एप्रिलचा कायदा तरी राहिला असता का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. अगदी अलीकडचेही उदाहरण आहे. १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारवर निर्बंध घालणारे विधेयक रेगन यांनी नाकारले आणि तिथल्या संसदेने ऑक्टोबरात ते पुन्हा मंजूर करून कायदा केला.

मग आपल्याकडे काय? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे सगळे उकलून सांगितले आहे. आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा नाही, त्याचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राष्ट्राचा प्रमुख, पण कारभाराचा नव्हे. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. आपण जबाबदारीला जास्त मोल दिले. मंत्रिमंडळ रोजच्या रोज सभागृहाला उत्तर देते. प्रश्न, ठराव, अविश्वास. सभागृहाचा खरा नकाराधिकार हाच. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने गेले, ते अनेकांना आठवत असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पानाच्या टपरीवरच्या टीव्हीपुढे उभा होतो.

तरीपण कलम १११ मध्ये राष्ट्रपतीला तीन वाटा ठेवल्या आहेत. अनुमती द्यावी, रोखावी, किंवा धनविधेयक नसेल तर पुनर्विचारासाठी परत पाठवावे. परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा साध्या बहुमताने मंजूर केले तर अनुमती द्यावीच लागते. १९९१ मध्ये लोकसभा विसर्जित होण्याच्या आदल्या घाईत खासदारांनी स्वतःच्याच पगार-पेन्शनचे विधेयक मंजूर करून घेतले. त्यासाठी राष्ट्रपतींची आगाऊ शिफारस लागते, ती घेतलीच नव्हती. व्यंकटरमण यांनी अनुमती दिली नाही. अशी कामे झटपट कशी होतात, ते पाहण्यासारखे आहे! २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक डॉ. कलाम यांनी परत पाठवले. संसदेने ते जसेच्या तसे पुन्हा मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली.

हे झाले उघड नकार. १९८६ चे टपाल विधेयक मात्र वेगळ्या वाटेने गेले. लोकांची पत्रे उघडून वाचण्याचा अधिकार सरकारला देणारे ते विधेयक संसदेने मंजूर केले आणि झैलसिंग यांच्याकडे आले. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवले नाही. ठेवून दिले. १९८७ च्या जुलैत त्यांची मुदत संपली, ते घरी गेले, विधेयक राष्ट्रपती भवनातच राहिले. पुढे ते परत पाठवले गेले आणि अखेर सरकारने मागे घेतले. (२०२३ च्या टपाल कायद्यात पत्रे अडवून उघडण्याची तरतूद आहेच, पण तो निराळा विषय.) अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचा खिसा दहा दिवसांचा, आपल्या राष्ट्रपतीच्या खिशाला तळच नाही. हे कसे झाले?

इथे मी वर्गात थोडा अडखळलो, कारण उत्तर सोपे नाही. घटनेच्या मूळ मसुद्यात, तेव्हाच्या कलम ९१ मध्ये, विधेयक परत पाठवायचे तर सहा आठवड्यांच्या आत, अशी मुदत होती. मे १९४९ मध्ये ती काढून 'शक्य तितक्या लवकर' असे शब्द घालण्याची दुरुस्ती खुद्द बाबासाहेबांनी मांडली. ह. वि. कामत यांनी त्यावर हरकत घेतली की हे शब्द मोघम आहेत, मनात आणले तर राष्ट्रपती त्यांचा दुरुपयोग करील. दुरुस्ती मंजूर झाली. माझ्या मते बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे सहा आठवडेसुद्धा लागू नयेत असा जबाबदार माणूस होता. राज्यघटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, हा इशाराही त्यांनीच दिलेला आहे. पण कामत यांच्या हरकतीत तथ्य होते असे म्हटल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. चर्चा होऊ द्यावी, हरकत नोंदवून घ्यावी, हेच तर ते आयुष्यभर सांगत आले.

आणि मोघम अधिकाराची झळ त्यांना स्वतःलाही लागली. सप्टेंबर १९५१. हिंदू कोड बिल संसदेत होते. स्त्रीला वारसा, घटस्फोट, एकपत्नीत्व यांचे ते बिल. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १५ सप्टेंबरला पंतप्रधान नेहरूंना लिहिले की, हे बिल मंजूर होऊन आले तर आपण स्वतःच्या विवेकाने ते तपासून पाहू आणि गरज वाटल्यास परत पाठवू. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. दोघांनीही सांगितले की राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे. म्हणजे कायद्याचा निर्वाळा बिलाच्या बाजूने होता. तरी बिल पुढे गेले नाही. चार कलमे झाली आणि ते बाजूला ठेवले गेले. राष्ट्रपतींना नकाराधिकार वापरावाच लागला नाही. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १९५५-५६ मध्ये तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले आणि त्यावर राजेंद्रप्रसाद यांनीच सह्या केल्या. त्यातला विवाह कायदा आज आपल्या घरातल्या लग्नांनाही लागू आहे. पुढे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतीने सल्ल्याप्रमाणेच वागले पाहिजे असे स्पष्ट लिहिले गेले, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवण्याची मुभा दिली.

राज्यपालाचे कोडे याहून अवघड आहे. राष्ट्रपतीला सल्ला देणारे आणि विधेयक आणणारे एकच, म्हणून तिथे भांडण क्वचित होते. राज्यपालाला नेमते केंद्र आणि विधेयक येते राज्याकडून. दोन्हीकडे वेगळे पक्ष असले की कागद अडकतो. तामिळनाडूत जानेवारी २०२० पासूनची विधेयके अडकली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यपालांनी दहा विधेयकांची अनुमती रोखली. विधानसभेने ती पुन्हा मंजूर केली, तर ती राष्ट्रपतींकडे धाडली गेली. ८ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती दहाही मंजूर झाली असे मानले आणि मुदती घालून दिल्या. मग राष्ट्रपतींनी न्यायालयाचा सल्ला मागितला आणि २० नोव्हेंबरचे मत आले. घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही. आपोआप मंजुरीही मानता येणार नाही. पण राज्यपालाला विधेयक कारण न देता, परत न पाठवता नुसते दाबून ठेवता येणार नाही. फारच लांबले तर 'निर्णय घ्या' एवढा आदेश न्यायालय देऊ शकेल. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, अमरावतीचे. त्यांचे वडील दादासाहेब गवई बिहारचे आणि केरळचे राज्यपाल होते, हे सांगितल्यावर वर्गात एकदम कुजबुज झाली. दारातल्या एकाने विचारले, "मग हा निकाल आपल्या बाजूचा की विरुद्ध?" मी म्हटले, राज्यघटनेच्या निकालाला अशी बाजू लावू नये. पण खरे सांगायचे तर एप्रिलच्या निकालाने मला आनंद झाला होता आणि नोव्हेंबरच्या मताने थोडी हुरहुर लागली. कारकुनाला मुदत नसलेला कागद कुठे जातो ते माहीत असते.

विधिमंडळाच्या नकाराचीही एक गोष्ट सांगायची होती. सभागृह बसलेले नसताना सरकार वटहुकूम काढते, पण सभागृह बसल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर संपतो. बिहार सरकारने यावर युक्ती शोधली. संपला की पुन्हा काढायचा. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम, त्यातले काही चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. हे शोधून काढले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डी. सी. वाधवा यांनी, आणि ते न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये ही राज्यघटनेशी केलेली लबाडी ठरली. पुण्यातला एक अभ्यासक बिहारची राजपत्रे चाळत बसला म्हणून हे उघडकीला आले.

वर्ग संपत आला होता. चहा आला. अकरावीतली एक मुलगी, पहिल्या रांगेत बसणारी, उठून उभी राहिली. "काका, आपल्या अध्यक्षांचा नकाराधिकार कुठल्या कलमात आहे?"

दादा भिंतीला टेकून खुर्चीवर बसले होते. कुणी हसले नाही.

कलम मला पाठ होते, कारण ते मीच लिहिले होते. २०११ साली मंडळाच्या घटनेचा मसुदा मी एका रात्रीत केला होता. कलम ९: 'सभेने मंजूर केलेला ठराव अध्यक्षांच्या सहीनंतर अमलात येईल.' सही किती दिवसांत, नाही केली तर काय, परत पाठवायचा तर कसा, यातले एक अक्षर नाही. तेव्हा मला वाटले होते, दादा आहेत ना, मग कशाला. 'शक्य तितक्या लवकर' एवढे तरी मसुदा समितीने लिहिले होते. मी तेही लिहिले नव्हते. मी मुलीला कलम ९ सांगितले आणि म्हटले, "चूक माझी आहे." ती खाली बसली. बाया एकमेकींकडे बघत होत्या. सहा महिने त्यांनी मला वाटेत अडवून विचारले होते आणि सहा महिने मी "दादांशी बोलतो" म्हणत आलो होतो. बोललो एकदाही नव्हतो.

त्या रात्री दादांकडे गेलो. जेवून सुपारी कातरत बसले होते. मी म्हटले, "दादा, कलम बदलायला हवं. पंधरा दिवसांत सही, नाहीतर लेखी कारणं देऊन परत. सभेनं दोनतृतीयांशानं पुन्हा मंजूर केला तर सही झाली असं धरायचं."

"म्हणजे माझ्यावर मुदत?"

"अध्यक्षावर. उद्या दुसरा कुणी असेल."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे सेक्रेटरी, मला खोली अडवायची नव्हती. पण लाईटबिल कोण भरणार? रात्री दहाला कुलूप कोण लावणार? हळदीचं भाडं गेलं तर गटाराच्या दुरुस्तीला पैसा कुठून? मला कुणी विचारलंच नाही. हात वर केले आणि झालं."

हे खरे होते. सभेत यातला एकही प्रश्न निघाला नव्हता. परत पाठवण्याची वाट असती तर दादांनी हेच लिहून पाठवले असते आणि जूनमध्येच त्याचे उत्तर मिळाले असते. वाट नव्हती, म्हणून पेटीत गेले.

आणखी एक पेच होता. कलम बदलण्याचा ठरावसुद्धा त्याच कलमाखाली, म्हणजे दादांच्या सहीनेच अमलात येणार. देशाच्या घटनेतली ही फट १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने बुजवली. घटनादुरुस्तीला राष्ट्रपतीने अनुमती दिलीच पाहिजे. आमच्याकडे तसे काही नव्हते. मी दादांना तसे सांगितले. ते म्हणाले, "करतो सही. पण माझी कारणं सभेत मोठ्यानं वाचून दाखवायची. गाळायचं नाही काही."

१४ डिसेंबरच्या रविवारी विशेष सभा झाली. दुरुस्ती मंजूर झाली, दादांनी तिथल्या तिथे सही केली. धर्मादाय कार्यालयात कागद दाखल करायचे आहेत, त्याला त्यांचा वेळ लागेल. तोवर आपसात असेच चालायचे, असे सगळ्यांनी कबूल केले. मग अभ्यासिकेचा ठराव नव्या कलमाखाली पुन्हा दादांच्या हातात दिला. शेवटची तारीख २९ डिसेंबर. त्या अकरावीच्या मुलीने समाजमंदिरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने आकडे घालायला सुरुवात केली. रोज शाळेतून येताना एक आकडा. दादा येता-जाता ते बघायचे. काही बोलायचे नाहीत.

अकराव्या दिवशी माझा धीर सुटला होता. बाराव्या दिवशी सकाळी त्यांचा नातू वही घेऊन माझ्या दारात आला. सही नव्हती. अर्धे पान भरून कारणे होती, फिटरच्या त्या ठसठशीत, तिरक्या अक्षरात. लाईटबिल, कुलूप, भाडे, आणि चौथे जे माझ्या डोक्यातच आले नव्हते: जिन्याला कठडा नाही, रात्री लेकरू पडले तर?

पत्नीने पान वाचले आणि वही घेऊन ती शेजारच्या वहिनींकडे गेली. संध्याकाळपर्यंत बायांनी हिशेब मांडला. दर घरामागे महिना दहा रुपये, कुलपाची पाळी आठ घरांत, हळदीसाठी महिन्यातले दोन रविवार मोकळे. कठड्याला लोखंड कुठून आणायचे ते ठरेना. तेव्हा एकजण म्हणाली, दादांनाच विचारा, फिटर तेच आहेत.

रविवारी, २८ तारखेला, पुन्हा सभा आहे. दादांचे अर्धे पान मीच वाचून दाखवणार आहे, काही न गाळता.